स्टार्टरवर फोडलेलं खापर

मी एक जुना स्टार्टर आहे. मित्रांनो, हे वाचून तुमच्यातले निम्मे जण मोटारीचा विचार करतील आणि उरलेले निम्मे पान उलटतील. उलटू नका. माझ्याबद्दल एका सरकारी कागदावर धडधडीत खोटं लिहिलं जाणार होतं, आणि ते लिहायला चांगली शिकलेली माणसं खुर्च्या ओढून बसली होती. याला तोंड नाही, हा काय बोलणार, असं ते धरून चालले होते. आज मी बोलतो.

चार माणसं बसतील एवढ्या एका खाजगी विमानाचा मी स्टार्टर. विमानाच्या नाकावर पंखा असतो, त्याच्या मागे इंजिन, आणि इंजिनाच्या खालच्या अंगाला मी बोल्टांनी आवळलेला. तेलाच्या लिटरभर डब्याएवढा माझा देह. आत तांब्याची तार, टोकाला एक छोटं दातेरी चाक. चालकानं चावी फिरवली की बॅटरीतली वीज माझ्यात शिरते, माझं चाक पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात दात रोवतं आणि मी ते अवजड धूड फिरवायला लागतो. दोन-चार फेऱ्यांत इंजिनाला स्वतःचा दम येतो. मग मी मागे सरकतो. वर आकाशात मला काही काम नाही. फोटो पंखांचे निघतात, कौतुक चालकाचं होतं. त्याची मला खंत नाही. ज्याच्या त्याच्या वाटणीला जे काम आलं ते त्यानं नीट करावं, एवढंच मी शिकलो.

हे मी जिच्याकडून शिकलो तिनं माझी तार गुंडाळली. कारखान्यात लांबच लांब टेबलाशी बायका बसलेल्या असत. तिच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. हात चालू आणि तोंडही चालू. सासूनं काल काय काय ऐकवलं ते ती शेजारणीला साग्रसंगीत सांगत होती, पण फेरा एकही चुकला नाही. शेवटचं टोक जोडून तिनं मला उजेडात धरलं आणि म्हणाली, "हा टिकेल." नंतर तपासणीवाल्यानं माझ्यावर शिक्का मारला, पण माझं खरं प्रमाणपत्र ते दोन शब्द होते.

पहिला मालक जमीन मोजणारा होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. आयुष्यभर साखळ्या ओढून मोजमाप केलेला माणूस, त्याला अंदाजपंचे काही चालतच नसे. विमानात बसला की सीटशेजारचं कार्ड काढायचा, कशानंतर काय करायचं याची यादी असलेलं, ओळीवर बोट ठेवायचा आणि मोठ्यानं वाचायचा. एकटा असला तरी. गारठा असेल तेव्हा इंजिनाला सुरू होण्याआधी थोडं पेट्रोल पाजावं लागतं. त्यासाठी एक छोटा हातपंप असतो, तो पेट्रोल थेट इंजिनाच्या आत पोचवतो. अण्णा तीन घोट पाजायचा, लगेच चावी, आणि मी दोन फेऱ्यांत काम उरकायचो. मग तो पुढच्या फळीवर थाप मारून म्हणायचा, "शाबास." कुणाला म्हणायचा देव जाणे. मी ते स्वतःकडे घेत असे.

चौदा वर्षं अशी गेली. मग अण्णाच्या डोळ्यांनी दगा दिला, डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला आणि विमान विकलं गेलं. नवा मालक दातांचा डॉक्टर.

डॉक्टरबद्दल सांगण्याआधी मावशीबद्दल सांगायला हवं. त्या छोट्या धावपट्टीवरची एकुलती एक मेकॅनिक म्हणजे मावशी. पन्नाशीची, आखूड केसांची, चष्मा दोरीला बांधलेला. विमान उडायला योग्य आहे असा शिक्का मारण्याचा अधिकार तिच्याकडे सव्वीस वर्षं होता आणि त्या शिक्क्यावरच तिचं घर चालत होतं. वयानं मोठे पायलटसुद्धा तिला मावशीच म्हणत. ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. मला साफ करताना ती माझ्याशी बोलायची, म्हणजे खरं तर मालकांना शिव्या घालायची. धावपट्टीवरच्या निम्म्या गोष्टी मला तिच्याच तोंडून कळल्या आहेत.

आता डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम आधी सांगतो. पण त्याला एक खोड लागली होती, आणि ती त्याला त्याच धावपट्टीवरच्या अनुभवी म्हणवणाऱ्या लोकांनी लावली. गारठ्यात इंजिन आळस करतं, तेव्हा तिथले लोक चावी फिरवण्याआधी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची मूठ आत-बाहेर, आत-बाहेर करत. याला ते 'पंप मारणं' म्हणत, अण्णाच्या हातपंपाशी त्याचा काही संबंध नाही. कोण किती पंपांत सुरू करतो याच्या फुशारक्या चालत.

यात वाईट काय ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट यावरच आहे. मूठ आत ढकलली की पेट्रोलची एक पिचकारी वरच्या दिशेनं उडते. इंजिन फिरत असेल तर ते हवा ओढतं आणि ती पिचकारी हवेबरोबर वर आत जाते. इंजिन उभं असेल तर ओढायला कुणीच नाही. मग वर गेलेलं पेट्रोल खाली गळतं. खाली हवा आत घेण्याची पेटी असते, तिच्यात कागदाची गाळणी असते. ती गाळणी पेट्रोल पिऊन बसते. आणि गारठलेलं इंजिन पहिल्या फेरीला कधी कधी उलटं खोकतं, त्या खोकल्याबरोबर ठिणगी खाली येते. पुढचं मी सांगायला नको.

मावशीनं त्याला सांगितलं होतं. माझ्यासमोर, इंजिनावरचं झाकण उघडं असताना.

"डॉक्टर, पंखा फिरत नसताना मूठ हलवू नका. पेटीत पेट्रोलचे डाग आहेत, हे बघा."

"मावशी, माझ्या स्कूटरला मी वीस वर्षं असंच करतोय."

"स्कूटर पेटली तर टाकून बाजूला होता येतं. इथं कमरेला पट्टा असतो."

"इथं सगळेच करतात हो."

"तुमच्याकडे पेशंट येतो, त्याला तुम्ही सांगता सुपारी चघळू नको. तो म्हणतो, आमच्याकडे सगळेच चघळतात. मग तुम्ही काय करता?"

"दात काढतो," डॉक्टर हसून म्हणाला.

"मी विमान काढून घेऊ शकत नाही, तेवढंच माझं दुखणं आहे."

तिनं विमानाच्या नोंदवहीत लिहिलं: हवेच्या पेटीत पेट्रोलचे डाग, सुरू करण्याची पद्धत सुधारावी. दोन महिन्यांनी पुन्हा तेच लिहिलं. दोन्ही वेळा डॉक्टरनं खाली सही केली. वाचलं एकदाही नाही. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा माणूस, स्वतःचे डोळे उघडायला तयार नव्हता. अण्णाचं ते कार्ड सीटखाली सरकलं ते तिथंच राहिलं.

मलाही त्याच्या हाताखाली चैन नव्हती. मला एका दमात तीस सेकंदांपेक्षा जास्त फिरवायचं नसतं, मग विश्रांती द्यायची असते. डॉक्टर दातओठ खाऊन चावी धरून ठेवायचा, जणू मीच अडून बसलोय. तरी मी फिरत राहिलो.

त्या दिवशी सकाळी गारठा होता आणि डॉक्टरच्या घरचे पहिल्यांदा विमानात बसणार होते. त्याची बायको उजव्या सीटवर, सहा वर्षांची मुलगी मागे. तिला ते चिमणी म्हणत. धावपट्टी चालवणाऱ्या फ्लाइंग क्लबचे सेक्रेटरी ऑफिसच्या पायरीवर मोबाइल घेऊन उभे होते. घरच्यांच्या पहिल्या उड्डाणाचा व्हिडिओ काढा असं डॉक्टरनंच त्यांना सांगितलं होतं.

पहिल्यांदा चावी फिरवली, इंजिनानं दाद दिली नाही. डॉक्टर चिडला. बायकोसमोर, मुलीसमोर, मोबाइलसमोर इंजिन ऐकत नाही म्हणजे काय. त्यानं मूठ धरली आणि पंप मारायला सुरुवात केली. मागून चिमणी मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. डॉक्टर हसला आणि तिच्या मोजण्याच्या तालावर मारत राहिला. आठ, नऊ, दहा, अकरा. मी खाली लटकलेला, माझ्या शेजारच्या पेटीत पेट्रोल टपटपताना ऐकत होतो. ओरडायला तोंड असतं तर ओरडलो असतो.

मग चावी. मी जेमतेम दोन फेऱ्या मारल्या आणि इंजिन उलटं खोकलं. पेटीत भक्कन झालं. गाळणी पेटली आणि ज्वाळा नाकाच्या खालून बाहेर आल्या.

मित्रांनो, अशा वेळी जे करायचं ते ऐकायला वेडगळ वाटतं: चावी सोडायची नाही. मला फिरवत राहायचं. मी फिरत राहिलो की इंजिन हवा ओढतं आणि हवेबरोबर ज्वाळाही आत ओढून घेतं. इंजिनाचं पोट म्हणजे चूलच आहे, आग तिथं असेल तर कुणाचं काही बिघडत नाही. ती चुलीबाहेर पडली की घर जळतं. पेट्रोलचा नळ बंद करायचा, मूठ पूर्ण आत, आणि मला फिरवायचं. कार्डाच्या मागच्या बाजूला लाल अक्षरांत हेच लिहिलेलं आहे. कार्ड सीटखाली होतं.

डॉक्टरनं चावी सोडली. मी थांबलो. मी थांबलो आणि ज्वाळा वर चढायला लागल्या. दार उघडल्याचा आवाज आला, विमान एका बाजूनं हलकं झालं. तो पळाला असं म्हणू नये, घाबरलेल्या माणसाला तसं म्हणणं बरं नाही, असं मावशी म्हणते. मी म्हणतो. तो पळाला.

आत दोघी राहिल्या. बायको मागे वळून चिमणीच्या पट्ट्याशी झटत होती. पट्ट्याचं कुलूप उघडेना. पोरगी रडत होती आणि पायाखालून धूर येत होता.

मावशी हँगरमधून, विमानं ठेवायच्या शेडमधून, धावत आली. हाताला साबणाचा फेस तसाच. ती पेटलेल्या विमानात डाव्या दारानं चढली, डॉक्टर सोडून गेला त्याच सीटवर बसली. नळ बंद केला, मूठ आत दाबली, आणि चावी फिरवली.

"वहिनी, मी बसलेय, तुम्ही पट्टा बघा. बाहेर पडलात की शेपटीकडे जायचं. पुढं पंखा फिरतोय, पुढं नाही."

मग मी फिरलो. आयुष्यात कधी फिरलो नव्हतो तसा फिरलो. तीस सेकंद संपले. मावशीनं हात काढला नाही. चाळीस. माझ्या तारांवरचं रोगण वितळायला लागलं, त्याचा कडवट वास मला स्वतःला येत होता. ज्वाळा एकदा बाहेर येत, मी ओढल्या की आत जात. मागे खटकन कुलूप सुटलं. पावलं शेपटीकडे पळाली. पन्नास सेकंद झाले असतील. पेटीतलं पेट्रोल संपलं, ज्वाळा बसल्या, आणि तेव्हाच मावशीनं चावी सोडली. डॉक्टरच्या सीटखालचा छोटा अग्निशामक डबा काढून ती उतरली आणि धुमसणाऱ्या पेटीत तिनं तो रिकामा केला. आग संपली. मीही संपलो.

तेवढ्यात डॉक्टर हँगरच्या भिंतीवरचा मोठा लाल सिलिंडर घेऊन धापा टाकत आला आणि त्यानं विझलेल्या विमानावर पांढरी पूड उडवली. भरपूर उडवली.

आता माझा संताप समजून घ्या. सेक्रेटरींचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून सगळीकडे पसरला, आणि त्यात काय दिसतं? डॉक्टर लाल सिलिंडर घेऊन जिवाच्या आकांतानं धावतोय. आणि एक बाई पेटत्या विमानात बसून पंखा फिरवतेय. लोकांनी खाली लिहिलं, ही बाई वेडी आहे का. कुणी लिहिलं, हिला कुणी कामावर ठेवलं. डॉक्टरनं ते वाचलं, आणि त्याला स्वतःची गोष्ट तिथं आयती सापडली. स्टार्टर जुना होता, त्याच्यातून ठिणग्या उडाल्या, आपण आग विझवायला धावलो, आणि मावशीनं मध्ये चावी फिरवून आग वाढवली. दोन दिवस तो हे सांगत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याचा स्वतःचाही त्या गोष्टीवर विश्वास बसला असावा.

चौथ्या दिवशी क्लबच्या ऑफिसात बैठक झाली. वर्तमानपत्रावर ठेवून मला टेबलाच्या मधोमध मांडलं होतं. सरकारी तपासनीस आले होते, शांत गृहस्थ, नाकाशी धरून मला हुंगत होते. समोर डॉक्टर आणि सेक्रेटरी. मावशी उभी. डॉक्टरची बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर. तिला बोलावलं होतं, पण विचारलं कुणी काहीच नव्हतं.

"पेटीत पेट्रोलचे डाग आहेत, नोंदवहीत दोनदा लिहिलंयही," तपासनीस म्हणाले. "पण स्टार्टर जळालेला आहे हेही खरं. आधी जळाला की नंतर, ते यंत्र बघून मला सांगता येणार नाही. बघणारं माणूस लागेल."

सेक्रेटरी निवृत्त बँक अधिकारी. कुणालाच न दुखावता कागद पुढे सरकवण्यात हयात गेलेली. ते गोड आवाजात म्हणाले, "साहेब, मी एक सुचवू? लिहू या की स्टार्टर जुना होता, त्यातून ठिणगी उडाली. माणसाची चूक नाही. डॉक्टरांचं नाव राहतं, मावशींचा शिक्का राहतो. यंत्राचं काय, ते काय कोर्टात जाणार आहे?"

डॉक्टर खाली बघत म्हणाला, "मला चालेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?" मावशीनं विचारलं.

"मग डॉक्टर तक्रार करणार, की तुम्ही पेटतं विमान चालू करायला गेलात. व्हिडिओ आहेच. मावशी, तुमचा शिक्का जाईल हो. कशाला? एका सहीचा प्रश्न आहे."

मी टेबलावर पडून होतो. मित्रांनो, खरं सांगतो, मला वाटलं, कर बाई सही. मी तसाही तांब्याचा गोळा झालोय. माझ्या नावाला काळं लागलं तर कुठं माझी पोरंबाळं आहेत.

सेक्रेटरींनी तयारच करून आणलेला कागद मावशीनं वाचला. सगळा वाचला, आणि परत टेबलावर ठेवला.

"नाही करणार. यानं त्याचं काम केलं. पन्नास सेकंद केलं. आता लिहा की दोष याचा. मग तुम्ही काय कराल? नवा स्टार्टर बसवाल आणि निश्चिंत व्हाल. पुढच्या गारठ्यात नव्या स्टार्टरवर परत पंप मारायला बसाल. ते विमान पेटलं आणि त्या दिवशी माझी सुट्टी असली, तर तेव्हा कुणावर लिहायचं?"

"मावशी, तुम्ही उगाच भावनेच्या भरात..."

"भावना नाही हो. घ्या हा शिक्का." तिनं खिशातून शिक्का काढून माझ्या शेजारी ठेवला. "खोटा मारण्यापेक्षा नसलेला बरा."

मग कोपऱ्यातली खुर्ची सरकली.

"तो कागद इकडे द्या," डॉक्टरची बायको म्हणाली.

"अगं, तू कशाला? तुला यातलं काय कळतं?" डॉक्टर म्हणाला.

"मोजता येतं." ती टेबलाशी आली आणि तपासनिसांच्या हातातलं पेन तिनं मागून घेतलं. "अकरा पंप. मी नाही, चिमणीनं मोजले. दहाच्या पुढं मोजायला ती नुकती शिकलीय, म्हणून एवढ्या जोरात मोजत होती. तू हसत होतास."

"मी सिलिंडर आणायला गेलो होतो."

"तुझ्या सीटखाली एक होता. मावशींनी तोच वापरला."

तिनं कागद आपल्याकडे ओढला आणि लिहायला लागली.

"तू असताना स्टार्टर चांगला फिरत होता," ती लिहिता लिहिता बोलत होती. "तू चावी सोडलीस, आग वाढली. यांनी धरली, आग कमी झाली. मला विमानातलं काही कळत नाही, पण मी तिथं होते. तू नव्हतास. म्हणून तू उतरलास तिथून पुढचं मी लिहितेय."

तिनं खाली सही केली. तपासनिसांनी कागद दोनदा वाचला. मग शिक्का उचलून मावशीच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा सांभाळून ठेवा, असा टेबलावर टाकत जाऊ नका."

अहवालात लिहिलं गेलं: इंजिन थांबलेलं असताना थ्रॉटल वारंवार हलवल्यामुळे आग. स्टार्टर निर्दोष, आग आत ओढण्यासाठी सतत फिरवल्यामुळे निकामी. निर्दोष हा शब्द मी मावशीकडून चारदा वाचून घेतला असता, पण मागायला तोंड नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. व्हिडिओ अजून फिरतो. त्याच्याखाली अजून लोक मावशीला वेडी म्हणतात. अहवाल कुणी फिरवत नाही, त्यात ज्वाळा नाहीत ना. आणि धावपट्टीवर मी कालही ऐकलं, कुणीतरी कुणाला सांगत होतं, "तीन पंप मार रे, तीनानं काही होत नाही."

मी आता मावशीच्या कामाच्या टेबलावर असतो. महिन्याभरानं डॉक्टर तिथं आला. एकटा.

"मावशी, मला शिकवाल? ते चावी धरून ठेवायचं."

मावशीनं त्याला वरखाली पाहिलं. चावी फिरवली तरी इंजिन सुरू होऊ नये म्हणून एका दुसऱ्या विमानाची बॅटरी सोडवली, त्याला सीटवर बसवलं, हात चावीवर ठेवायला लावला. मग एक जुना पत्र्याचा डबा घेऊन ती विमानाच्या नाकावर बडवायला लागली. भयंकर आवाज. डॉक्टर दचकला, पण हात तसाच. मिनिट गेलं.

"सोडू?" त्यानं आतून विचारलं.

"मी सांगेन तेव्हा," मावशी म्हणाली आणि बडवत राहिली.

मी त्याला माफ केलेलं नाही. मावशीनं केलंय का, मला माहीत नाही. पण त्यानं हात सोडला नाही, हे मी टेबलावरून पाहिलं आणि तसंच सांगतो, कारण खोटं सांगण्याचा मला हक्क नाही.

मित्रांनो, यंत्रांना तेलपाणी करा, पुसून ठेवा, असं सांगून मी निरोप घेतला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं. माझं मागणं वेगळं आहे. कार्ड सीटखालून काढा आणि वाचा, मागची बाजूसुद्धा. थांबलेल्या इंजिनाची मूठ हलवू नका. आणि चूक तुमच्या हातून झाली असेल तर ती स्वतःच्या नावावर लिहा. आम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही. पुढच्या विमानात मागच्या सीटवर कुणाचं तरी मूल पट्टा बांधून बसलेलं असेल, म्हणून.